ताटाशेजारी पनामा

आखाजीला आठ दिवस उरले असताना इंदिराबाईंनी गिरधर नानांपुढे पाण्याचा तांब्या ठेवला, तांब्याशेजारी गुळाचा खडा ठेवला आणि त्या खड्याशेजारी पनामा सिगारेटचं एक न फोडलेलं पाकीट ठेवलं.

"नाना, हाई काय शे?"

नानांचा हात गुळाकडे निघाला होता, तो मध्येच थांबला. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, पंचक्रोशीतल्या कुठल्याही सप्ताहात टाळ घेऊन पहिल्या रांगेत उभा. कीर्तनकार एखादा चरण विसरले तर ते नानांच्या ओठांकडे बघतात, अशी ख्याती. त्या माणसापुढे भरदिवसा, मित्राच्या विधवेनं, देव्हाऱ्यासमोर सिगारेटचं पाकीट ठेवलं होतं.

"कोठे सापडनं?" नानांनी विचारलं.

"त्यासना टरंकमा. अभंगांच्या वहीखाली, उपरणाच्या घडीत. पोरगा हेमराज कागदपत्रं शोधत होता, त्याच्या हाती लागलं." इंदिराबाई पाटावर बसल्या. "एकतीस वर्षं माळ होती त्यांच्या गळ्यात. मी रोज तुळशीला पाणी घालायची, म्हणायची, देवा, तू माझ्या माणसाला सोडवलंस. आनि हाई!"

"पण फोडेल नही ना, वहिनी."

"फोडेल नही म्हणीसनच जीव घाबरा व्हयना! पीत असते तर मी भांडले असते, मोकळी झाले असते. पिलीही नाही, फेकलीही नाही. नुसती जपून ठेवली. एवढी याद येत होती का हो त्यांना?"

इंदिराबाईंचा नवरा हिलाल कार्तिकात गेला. गिरणेकाठच्या ह्या गावात तो आणि नाना एकाच वर्षी जन्मले, एकाच शाळेतून पळाले, धुळ्याच्या एकाच जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायला लागले आणि एकाच दिवशी, एकाच मांडवात, एकाच महाराजांच्या हातून माळकरी झाले. हिलालचं काही नानांना ठाऊक नाही असं नव्हतंच. निदान आजवर तरी नव्हतं.

"आणि ते शेवटचं," इंदिराबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्हीही पाहिलं." त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं ओठांशी नेली आणि खाली घेतली.

नानांनी पाहिलं होतं. शेवटचे तीन दिवस हिलालची वाचा गेली होती. पडल्या पडल्या तो दोन बोटं ओठांशी न्यायचा. नाना उशाशीच होते. दर वेळी त्यांनी चमच्यानं तुळशीचं पाणी त्याच्या तोंडात सोडलं आणि हरिपाठाचा आवाज थोडा चढवला. हिलाल गिळायचा, डोळे मिटायचा आणि घटकेनं पुन्हा तीच दोन बोटं. नानांना त्याचा अर्थ कळला नाही असं नाही. कळला म्हणूनच तर आवाज चढवला होता.

"पहिली घागर शे त्यासनी," इंदिराबाई म्हणाल्या. "पितर म्हणून तुम्हीच बसा, नाना. त्यांच्या जागी दुसरा कोण बसणार? जेवण झालं की मी हे पाकीट फोडीन. तुम्ही एक काडी लावा, त्यांच्या नावानं दोन झुरके घ्या. बस. त्यांचा जीव मोकळा होऊ द्या."

आमच्या खानदेशात ही रीत आहे. ज्या घरातलं माणूस वर्षात गेलं त्या घरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावाची घागर भरतात, चुलीतल्या निखाऱ्यांवर घासाघासाची आगारी टाकतात आणि कुणा जवळच्याला पितर म्हणून पाटावर बसवतात. त्या दिवशी तो माणूस तो माणूस नसतो. त्याच्या मुखात जे गेलं ते गेलेल्याला पावलं. रीत सोपी आहे. तिच्यात विडीकाडी कधी आली नव्हती एवढंच.

"वहिनी, मन्हा गळामा माळ शे."

"त्यासना बी गळामा व्हती," इंदिराबाई म्हणाल्या.

"पाहू," म्हणून नाना उठले. गूळ तसाच राहिला, पाणीही राहिलं.

आणि एक गोष्ट तोंडातून निघालीच नाही. ती ही, की ते पाकीट हिलालच्या आवडीचं नव्हतंच. पनामा गिरधरची होती. हिलालला पनामाचा वासही खपत नसे.

•

घरी मंदाबाई कुरडया उन्हातून आत घेत होत्या. नवऱ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "काय व्हयनं? तोंड असं का, उपासाला कांदा खाल्ल्यासारखं?"

"काही नही."

"काही नही म्हणजे काहीतरी शे." पण त्यांनी जास्त ताणलं नाही. पन्नास वर्षांच्या संसारात एवढं शहाणपण येतं.

नाना ओट्यावर बसले, जपाला माळ हातात घेतली. मणी सरकत होते, पण मन भलतीकडेच चाललं होतं, थेट धुळ्याला.

जिनिंगच्या फाटकावर पहारेकऱ्याची एक फळी असायची. कापसाचं काम, एक ठिणगी पडली की होळी. म्हणून आत जाताना प्रत्येकानं आगपेटी, विडी, सिगारेट त्या फळीवरच्या आपल्या नंबराच्या खणात ठेवायची आणि सुटी झाली की उचलायची. एक्केचाळीस नंबर हिलाल, बेचाळीस गिरधर. एक्केचाळीसच्या खणात पनामा, बेचाळीसच्या खणात चारमिनार. पाहणाऱ्याला वाटे, हिलाल पनामावाला आणि गिरधर चारमिनारवाला. पण भोंगा झाला की दोघं आपापल्या खणातलं पाकीट उचलत, लिंबाच्या झाडाखाली जात आणि तिथं पाकिटं बदलत.

ह्याला कारण बेबाबाई, हिलालची आई. एका सालात हिलालच्या विडीनं अंगणातला वेचलेला कापूस पेटता पेटता राहिला. बेबाबाईनं दोघांना कान धरून तुळशीपुढे उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली: "स्वतःसाठी विडीकाडी विकत घ्याल तर माझं मढं पाहाल." दोघांनी तुळशीवर हात ठेवला. आठ दिवस कसेबसे काढले. नवव्या दिवशी हिलाल म्हणाला, "गिरध्या, मायनी स्वतःसाठी म्हटलं ना? मी तुन्हासाठी लेस. तू मन्हासाठी ले." असा युक्तिवाद मोठमोठ्या शास्त्र्यांना सुचला नसता. शपथ अक्षराअक्षरानं पाळली गेली. वीस वर्षं दोघांपैकी एकानंही स्वतःसाठी एक काडी घेतली नाही.

आणि काय ती चारमिनार! पिवळ्या पाकिटातली, फिल्टर नाही, काही नाही. पहिला झुरका छातीत उतरला की हिलालच्या डोळ्यांत पाणी यायचं. तंबाखूचा कण जिभेवर आला की तो थुंकायचा आणि म्हणायचा, "हाई मर्दाना माल शे. तुन्ही पनामा म्हणजे उकडेल गवत." गिरधरला मात्र पनामाच हवी. हलकी, किंचित गोडसर, मागाहून घशात काही न ठेवणारी. चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर पनामाचा पहिला झुरका...

नानांच्या तोंडाला पाणी सुटलं. ते दचकले. जपाचे किती मणी झाले होते, कुणास ठाऊक. त्यांनी मेरुमणी शोधून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पण आठवण ही म्हशीसारखी असते. एकदा डोहात बसली की हाकेला उठत नाही. शनिवारी खाज्या यायचा. शिरपूरच्या पलीकडून, सातपुड्याच्या पायथ्याकडून मजुरीला आलेला, उंचनिंच, कमी बोलणारा. घरी जाऊन आला की दुधीच्या वाळक्या तुंब्यातून मोहाची आणायचा. पहिल्या धारेची. पळसाच्या पानाचा द्रोण करायचा, भरायचा आणि कुणाला देण्याआधी चार थेंब जमिनीवर सांडायचा. "आधी जुन्यांना," म्हणायचा. मगच माणसांना. तो वास! फुलांचा, ओल्या लाकडाचा, दूरवरच्या धुराचा. नंतरच्या आयुष्यात नानांनी कापूर हुंगला, चंदन हुंगलं, मोठमोठ्या मांडवांतला ऊद हुंगला. पण खरं सांगायचं तर त्या द्रोणाच्या वासाची सर कशालाच आली नाही. हे ते कुणाला बोलणार? कीर्तनात महाराज व्यसनावर बोलायला लागले की सगळा मांडव नानांकडे कौतुकानं बघतो. आणि नाना खाली मान घालतात. लोकांना वाटतं, विनय.

कारण त्या मांडवातली गोष्ट नानांनी एकतीस वर्षांत एकाही जीवाला सांगितलेली नव्हती.

गोष्ट अशी. काल्याचं कीर्तन चाललं होतं. गिरधर आणि हिलाल खांबाला टेकून बसलेले, शेजारीच धुपाटणं, डोळे चुरचुरत होते. दोन तास झाले, आणि गिरधरला तलफ आली. अशी तलफ, की महाराजांचा शब्द कानात शिरेना. त्यानं हिलालच्या मनगटाला धरलं, "चल," म्हणाला आणि उठला. बाहेर जाऊन एक पनामा ओढून यावी एवढाच विचार. पण तो उठला नेमका त्या क्षणी, ज्या क्षणी महाराज हात पसरून म्हणाले होते, "आहे का कुणी मायेचा पूत, जो आज व्यसन देवाच्या पायी टाकील?" हिलालही उठला. गिरधरनं वळून पाहिलं, तर हिलालचे हात जोडलेले आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. "आले, दोन आले!" महाराज ओरडले. टाळ कडाडले. बाया रडायला लागल्या.

आता अशा वेळी काय सांगायचं, की मी सिगारेट ओढायला चाललो होतो? गिरधरनं मित्राच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, ह्याला सोडायचीय. हा एकट्यानं सोडू शकणार नाही. बरं, हिलालसाठी. आणि मान पुढे केली.

गावानं गोष्ट केली ती अशी, की गिरधरनं हिलालचा हात धरून त्याला व्यसनातून उठवलं. आणि आज ते पाकीट त्याच हिलालच्या पेटीत निघालं होतं. मग काय समजायचं? ज्याच्यासाठी मी सोडली त्यालाही सुटली नव्हती? त्याच्या ओठांशी बोटं जात होती, आणि मी पाण्यावर पाणी घालत राहिलो? मित्राला मी तहानलेलंच पाठवलं का?

आणि हिलाल जर तळमळत होता, तर त्यानं पनामा का ठेवावी? चारमिनार का नाही?

नानांनी जपमाळ गोमुखीत टाकली. "मंदा," त्यांनी आत हाक मारली, "मी सकाळना गाडीनं धुळे जाई येस."

"आखाजी तोंडावर आणि तुम्हाला धुळं कशाला?"

"काम शे."

"काम शे म्हणजे सांगण्यासारखं नही," मंदाबाई आतून म्हणाल्या. "टोपी घ्या. ऊन शे."

•

भडगावहून पारोळ्यामार्गे धुळं. एसटीत नानांनी डोळे मिटून स्वतःला समजावलं: चारमिनार घेतली तर ती हिलालसाठी घेतली. शपथ मोडत नाही. माळेचं मात्र काही सांगता येत नाही. देवापुढे बेबाबाईची शपथ मोठी की माळ मोठी? अन् जुनं मोठं की नवं? शेकडो कीर्तनं ऐकली होती, तरी ह्याचा निवाडा कुणी केलेला त्यांना आठवेना.

जिनिंगच्या जागी आता लग्नाचं लॉन झालं होतं. फाटकावर प्लास्टिकची फुलं. पहारेकऱ्याच्या फळीच्या जागी 'पार्किंग आपल्या जबाबदारीवर' अशी पाटी. लिंब मात्र होता. त्याच्याखाली जनरेटर ठेवलेला.

समोरची झुलालची टपरी आता पक्कं दुकान झाली होती. गल्ल्यावर मुलगा नव्हता, खुद्द झुलालच जाड भिंगांचा चष्मा लावून बसला होता. ऐंशीच्या घरातला. नानांनी टोपी काढली तसं त्यानं डोळे बारीक केले.

"बेचाळीस नंबर!" तो म्हणाला. "ये, ये. जिता शे का तू?"

"तुन्ही कृपा."

"मन्ही काय कृपा, मी तर माल विकस." झुलाल खोकत हसला. "काय पाहिजे? माळ दिसतेय, म्हणजे बडीशेप?"

नानांनी इकडेतिकडे पाहिलं. दोन गिऱ्हाइकं पाण्याच्या बाटल्या घेत होती. ती जाईपर्यंत ते थांबले. मग खाली वाकून म्हणाले, "चारमिनार शे का? ती पिवळी. साधी."

झुलालनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तिले जमाना व्हई गया. मी तरी किती वर्षांत पाहिली नाही. फिल्टरवाल्या घे कोणत्याही, पण ती चव नाही." मग त्याची मान वाकडी झाली. "थांब. तुले कसाले? चारमिनार तर तुन्हीच. पनामा हिलालनी."

"चारमिनार मी घेत होतो. पीत नव्हतो."

"म्हणजे?"

नानांनी शपथेची गोष्ट सांगितली. झुलाल ऐकत राहिला आणि एकदम मांडीवर थाप मारून म्हणाला, "आते समजनं! वीस-तीस वर्षं डोक्यात एक कोडं होतं, गिरधर. तुमच्या मांडवाची गोष्ट पेपरात आली होती ना, माळ घातल्याची? त्यानंतर महिनाभरानं हिलाल इथं आला. लग्नाला आला होता कुणाच्या. गळ्यात कोरी माळ. म्हणे, पनामाचं एक पाकीट दे. मी म्हटलं, वा रे माळकरी! तर तो म्हणे, मन्हासाठी नही. गिरधरसाठी."

नानांच्या हातातली टोपी खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही.

"मन्हासाठी?"

"हो. म्हणे, गिरध्यानं मांडवात माझा हात धरला, चल म्हणाला. वर पाहिलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी. मला काही सोडायची नव्हती. पण हा एकट्यानं कसा सोडणार, म्हणून मीही उठलो. आता सोडली खरी त्यानं, पण मला भरवसा नाही. एखाद्या दिवशी त्याचा धीर सुटेल, तेव्हा त्यानं दुकानात जाऊन माळेचं नाव घालवू नये. माझ्याजवळ असावी. मागायला तो माझ्याकडेच येईल." झुलालनं हात झटकले. "माले वाटनं, बेवडाच्या गप्पा. पनामा पिणारा माणूस म्हणतो माझ्यासाठी नाही! मी म्हटलं, हो बाबा, समदे असंच म्हणतस."

नाना बाकावर बसले. झुलालनं पाणी दिलं, ते त्यांनी प्यायलं की नाही, त्यांना आठवत नाही.

त्याला सोडायची नव्हती. मला सोडायची नव्हती. तो माझ्यासाठी उठला. मी त्याच्यासाठी मान पुढे केली. डोळ्यांतलं पाणी त्याचंही धुपाचं, माझंही धुपाचं. मग त्या मांडवात सोडायची होती तरी कुणाला? महाराजांना? गावाला? का त्याला, जो विटेवर उभा राहून सगळं बघत होता आणि एक शब्द बोलला नाही? एकतीस वर्षं दोघांनी एक चीज पाळली, जी दोघांपैकी कुणी मागितलीच नव्हती. हे पुण्य कुणाच्या खात्यावर, आणि फसवणूक असेल तर कुणाची कुणी केली? नाना विचार करत गेले आणि प्रत्येक विचार फिरून लिंबाच्या झाडाखाली येऊन बसत गेला.

"गिरधर," झुलाल काळजीनं म्हणाला, "रिक्षा बोलवू का?"

"नको. मी गेलोच नाही रे त्याच्याकडे मागायला. एकदाही नाही."

"मंग बरंच व्हयनं."

"बरं झालं की वाईट झालं तेच तर समजत नाही," नाना म्हणाले आणि टोपी उचलून चालू लागले.

बाजारात एक बाई गोणपाटावर मोहाची वाळकी फुलं मांडून बसली होती. मोसम नुकताच संपला होता. नाना तिच्यापुढे असे थबकले, जसा माणूस ओळखीच्या आवाजाला थबकतो.

"गायीसाठी का, बाबा?" बाईनं विचारलं.

"नाही. पितरासाठी."

तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता फुलं निवडून, माती पाखडून बांधून दिली.

•

आखाजीचा दिवस. झोक्यांवर पोरीबाळींची गाणी, पारावर पत्त्यांचे डाव, घराघरात आमरस. हिलालच्या घरी घागर भरली होती. घागरीवर सांजोरी, आंबा, एक छोटं डांगर, म्हणजे खरबूज. नानांनी आंघोळ करून नवं धोतर नेसलं होतं. येताना मंदाबाईंनी एवढंच विचारलं, "पितर व्हई राह्यनात ना? मंग पितरासारखं गुमान जेवा. तठे कीर्तन करू नका."

हिलालचा मुलगा हेमराज चाळीसगावला शिक्षक. त्यानं नानांचे पाय धुतले, कपाळाला गंध लावलं आणि पाटावर बसवलं. निखाऱ्यांवर तूप सोडलं, पुरणपोळीचा घास ठेवला, कुरडईचा तुकडा, आंबरसाचं बोट. धूर वर गेला. मग नानांनी कनवटीची पुडी सोडली आणि मोहाच्या फुलांची मूठ निखाऱ्यावर धरली. आधी मात्र चार फुलं त्यांनी उंबऱ्याबाहेर मातीत टाकली. फुलं तडतडली. तो वास घरभर झाला, हेमराजनं नाक उचललं, आणि नानांचे डोळे भरून आले. आज शेजारी धुपाटणं नव्हतं.

जेवण झालं. इंदिराबाईंनी पाकीट आणलं, ताटाशेजारी ठेवलं. वर आगपेटी.

"आई, हे काय?" हेमराज म्हणाला. "नाना माळकरी आहेत."

"आज ते नाना नाहीत. तुझे बाबा आहेत." इंदिराबाई नानांकडे वळल्या. "नाना, ल्या. त्यांना मी शेवटी देऊ शकले नाही. तुम्ही घ्या म्हणजे त्यांना पोचेल."

पाकीट समोर होतं. नानांना वाटलं, हात पुढे गेला तर तो मित्रासाठी गेला की माझ्याचसाठी, हे देवसुद्धा सांगू शकणार नाही. दोन झुरके. चहाच्या शेवटच्या घोटाबरोबरचा पहिला. एकतीस वर्षांचा.

"वहिनी," ते म्हणाले, "आधी ऐकी ल्या."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. फळीवरचे नंबर, बेबाबाईची शपथ, मांडवात आपण कशासाठी उठलो होतो ते, आणि झुलालनं काय सांगितलं ते. सांगताना त्यांना वाटत होतं की आता ही बाई उठेल आणि ताट काढून घेईल. हेमराज मध्येच म्हणाला, "म्हणजे तुम्ही सिगारेट प्यायला..."

इंदिराबाईंनी विझत आलेला निखारा चिमट्यानं सरकवला.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "हाई पाकीट तुमनं?"

"हो."

"आनि त्यासले नको व्हतं?"

"हिलालले? उकडेल गवत म्हणे तो हिला."

"अन् मी एकतीस वर्षं देवाचे उपकार मानत होते की त्यानं माझ्या माणसाची सोडवली!" त्यांनी पदर तोंडाला लावला. नानांना वाटलं, रडतात. पण खांदे भलत्याच तऱ्हेनं हलत होते. "अरे देवा! दोन गाढवं! एकमेकांना धरून धरून देवळात शिरली!" हसता हसता त्यांना ठसका लागला आणि मग त्या खरंच रडल्या, थोडंसंच. डोळे पुसून म्हणाल्या, "मंग तुमनं शे तर तुम्ही ल्या, नाना. त्यांनी तुमच्यासाठी घेऊन ठेवलं होतं. ठेवलेलं तुम्हाला पोचवलं नाही तर मीच ठेवून घेतल्यासारखं होईल."

आता आणखीच अवघड झालं. हिलालची म्हणून नाकारता येत नव्हती. ती हिलालची नव्हती. स्वतःची म्हणून घेता येत नव्हती, माळ होती. पण दिली होती हिलालनं, आणि हिलालनं दिलेली पनामा गिरधरनं आयुष्यात कधी परत केली नव्हती. नानांनी पाकीट हातात घेतलं. हलकं होतं. वेष्टणाचा कागद पिवळा पडला होता. त्यांनी ते नाकाशी नेलं. काहीच वास नव्हता, किंवा घरात फक्त मोहाचाच वास होता.

मग ते हळूच म्हणाले, "वहिनी, आज ह्या पाटावर कोण बसेल शे?"

"ते."

"हिलाल?"

"हां."

"मग हिलाल पनामाला हात लावायचा नाही. आज गिरधर इथं नाहीच. तेव्हा देणार कुणाला?"

हेमराज आधी हसला. इंदिराबाईंनी नानांकडे रोखून पाहिलं. हा युक्तिवाद कुणाच्या पठडीतला होता ते त्या बाईला ओळखू आलं असावं. "बरं," त्या म्हणाल्या, "आणि सकाय? सकाय तर तुम्ही गिरधर व्हशात."

"सकायनं सकाय पाहू. ठेवा तिथंच, वहीखाली. त्यानं ठेवलं होतं तसं."

"मागायला याल?"

खरं उत्तर नानांना माहीत नव्हतं, आणि पितराच्या पाटावर बसून खोटं बोलवेना.

इंदिराबाई पाकीट घेऊन आत गेल्या. पेटीचं झाकण उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. बाहेर झोक्यावरचं गाणं एका कडव्यावरून दुसऱ्यावर गेलं. नाना निखाऱ्यांकडे बघत होते. मनात काही विचार नव्हता, किंवा इतके होते की एकही हाताला लागत नव्हता. निखारा, चार फुलं, हिलालचं थुंकणं, महाराजांचे पसरलेले हात. घसा कोरडा पडला होता. केव्हा कोण जाणे, त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं ओठांशी गेली.

इंदिराबाई दारातच थांबल्या. त्या बोटांकडे बघत राहिल्या. मग लगबगीनं पुढे आल्या.

"तहान लागली का, नाना?"

नानांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"हां," ते म्हणाले. आणि क्षणभरानं पुन्हा, जरा आश्चर्यानं, "हां वहिनी. तहानच लागनी."

इंदिराबाईंनी घागरीवरचा आंबा, सांजोरी बाजूला केली आणि हिलालच्या नावाच्या घागरीतलं पाणी फुलपात्रात ओतलं. पाण्यात तुळशीचं पान होतं. नानांनी ते एका दमात प्यायलं, पात्र पुढे केलं, आणि इंदिराबाईंनी पुन्हा भरलं.